उघड्या विटेची भिंत

मराठवाड्यातील काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला जितकी मानवते तितकी विटेला मानवत नाही. पाणी मिळताच फुगणारी आणि उन्हाळ्यात खोल भेगा पाडणारी ही माती साच्यातून निघालेली कच्ची वीटही वाळता वाळता तडकवते. म्हणून अशा मुलखात वीट पाडायची तर पोयटा, म्हणजे पुराने नदीकाठी आणून टाकलेला बारीक गाळ, शोधावा लागतो किंवा मातीत राख मिसळावी लागते. मराठवाड्यातीलच माजलगावाजवळ सिंदफणा नदी धरणाने अडवली आहे आणि पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्याच जलाशयात येते. या पाण्यामागून ऊस आला, आणि पांढऱ्या मातीची धाब्याची घरे मागे पडून पक्क्या विटेची घरे वाढत गेली.

या घरांतील वीट मात्र गिलावा होईपर्यंतच दिसते. हाती पैसा येईल तसा मजला चढवायचा, ही तालुक्याच्या गावांची रीत असल्याने, खाली रंगवलेले घर आणि वर वर्षानुवर्षे उघडी राहिलेली विटेची भिंत, असे दृश्य जागोजागी आढळते. तेथे उघडी वीट अपुरेपणाची खूण ठरते, आणि सारे काही पुढे झाकलेच जाणार असल्याने सांधे कसेही भरले तरी चालतात.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या परिसरात याच विटेला नेमके उलटे स्थान मिळाले. 1962 मध्ये अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनी, पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांच्या साहाय्याने, हा परिसर उभारण्यास घेतला, आणि 1974 मध्ये कान यांचे निधन झाल्यावर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले अनंत राजे यांनी ते काम पुढे नेले. आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत काँक्रीटच्या सांगाड्यात उघडी वीट भरली होती. अहमदाबादेत मात्र वीट स्वतःच भार वाहते. पसरट कमानीतील विटा एकमेकींवर रेलून भार दोन्ही टोकांकडे ढकलतात, तो बाहेर जाणारा रेटा काँक्रीटची आडवी तुळई ओढून धरते, आणि दाब विटेने, तर ताण तुळईतील लोखंडाने सोसायचा, ही वाटणी पाहणाऱ्याला भिंतीवरच वाचता येते.

ज्या भिंतीवर गिलावा चढणार नाही तिथे गवंड्याला काहीच लपवता येत नाही. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती चुन्या-सिमेंटच्या मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ न देणे, म्हणजे सांधामोड, शेवटपर्यंत पाळावी लागते. ओळंबा आणि पाणसळ धरताना झालेली चूक पुढील प्रत्येक थरात वाढत जाते. वर्तुळाकार झरोक्यात तर प्रत्येक विटेचा कोन बदलतो, आणि नकाशात एका रेषेने दाखवलेली ती गोलाई प्रत्यक्षात थापी धरणाऱ्या हातालाच साधावी लागते.

उघडेपणाची किंमतही असते. पावसाने सांधे झिजतात, विटेतील क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो, आणि 2001 च्या भूकंपाने या इमारतींना तडे गेले. येथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने केले आणि त्याला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण पुढच्याच वर्षी अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा निर्णय जाहीर झाला, जगभरातून विरोध होताच तो मागे घेतला गेला, आणि 2022 मध्ये पुन्हा नव्या बांधणीची भूमिका घेण्यात आली.

या वादात कान यांचे नाव सतत घेतले गेले, गवंड्यांचे क्वचितच. तरीही अशी भिंत दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा नकाशा पुरत नाही, दर्जा भरणारा, म्हणजे सांध्यातील झिजलेला मसाला खरवडून नवा भरणारा, जाणता हात लागतो. माजलगावातील असो वा अहमदाबादेतील, वीट टिकवायची असेल तर हे कसब जाणणारा गवंडी आधी टिकला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या कामाला मजुरीपलीकडचा मान व शिक्षण मिळाले पाहिजे.