शुक्रवारची चाकं

सॅन फ्रान्सिस्को पाहिलेल्या कुणालाही विचारा, पायाला चाकं बांधून हिंडायचं हे गाव नव्हे असंच तो सांगेल. रस्ते इतके उभे की उतारावर गाडी लावली तर पुढची चाकं फुटपाथाच्या कडेला टेकवून ठेवावी लागतात, नाहीतर दंड. काही गल्ल्यांत तर फुटपाथाला चक्क पायऱ्या केल्यात. तरीही नव्वदच्या दशकात दर शुक्रवारी रात्री शेकडो माणसं या शहरातून रोलरब्लेडवर वीसेक किलोमीटरची फेरी मारायची. वीजखांबापेक्षा उंच वाटणारी पोरं, टक्कल पडलेले वकील, चंदेरी पँट घातलेला एक गृहस्थ, आणि पार शेपटाला, हाफ स्वेटरवर विंडचीटर चढवून, मी.

तो वायटूकेचा काळ, सन २००० उजाडलं की संगणक गोंधळतील या भीतीचा. पुण्यामुंबईची निम्मी पोरं कोबोलची पुस्तकं घेऊन विमानात बसली होती. आमचे हेही त्यातलेच. लग्नानंतर १९९७ साली आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला आलो. यांच्या व्हिसाला माझा व्हिसा जोडलेला, आणि त्यावर तेव्हा नोकरी करायची मुभा नव्हती. गाडी एकच, ती सकाळी ऑफिसला जायची. उरायची मी, एका बेडरूमचं घर आणि खिडकीतून दिसणारं पार्किंग. बँकेत चार वर्षं कॅश काउंटर सांभाळलेल्या बाईला दिवसभर भांड्यांचं कपाट लावत बसायला सांगितलं तर तिचं जे होईल ते माझं झालं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना जायचो, तिथे साबुदाण्याची खिचडी आणि ओळखी दोन्ही मिळायच्या, पण ते कार्यक्रम शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार मी आणि केबल टीव्ही.

अशात एका गराज सेलमध्ये मला ते स्केट्स दिसले. दहा डॉलर. माझ्या मापाचे.

स्केटिंग मला नवं नव्हतं. लहानपणी आमच्या सोसायटीत लोखंडी स्केट्स होते, पुढेमागे सरकवून कुठल्याही पायाला बसवता येणारे. मधला नट किल्लीने आवळायचा, वर चामडी पट्टा, आणि गच्चीवर असा खडखडाट की खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू झाडू घेऊन वर यायच्या. हे नवं प्रकरण वेगळं होतं. चारही चाकं एका ओळीत, घोट्याच्या वरपर्यंत येणारा कडक बूट, आणि उजव्या टाचेमागे रबराचा ठोकळा. तो ठोकळा म्हणजे ब्रेक. थांबायचं असेल तर उजवा पाय पुढे सरकवायचा आणि बोटं वर उचलायची. शरीराला हे अजिबात पटत नाही. वेग वाढला की माणूस घाबरून मागे रेलतो, आणि इथे तर गुडघे वाकवून बसल्यासारखं करून पाय पुढे द्यायचा. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दुपारी सामसूम असताना मी हे घोटलं. मिनियापोलिसच्या ओल्सन बंधूंनी १९८० च्या सुमारास बर्फ नसतानाही हॉकीचा सराव व्हावा म्हणून हे बूट बाजारात आणले, आणि दहा-पंधरा वर्षांत निम्मी अमेरिका त्यावर उभी राहिली. पार्किंगमधल्या माझ्या सरावाचा हॉकीशी एवढाच संबंध की पडल्यावर दोन्हीकडे सारखंच लागतं.

शुक्रवारच्या फेरीचं मला लायब्ररीतल्या एका बाईने सांगितलं. बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेने, एंबार्काडेरो स्टेशनला उतरायचं, वर यायचं, फेरी बिल्डिंगसमोरच्या चौकात नऊच्या आधी लोक जमतात. नाव नोंदवायचं नाही, पैसे नाहीत. हेल्मेट असलं तर बरं.

या फेरीचा जन्म भूकंपातला. १७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा धक्का बसला. बे ब्रिजचा एक तुकडा कोसळला, ओकलंडमध्ये दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला, एकूण ६३ माणसं गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यालगतही असाच एक दुमजली महामार्ग होता. एंबार्काडेरो फ्रीवे. खाडी आणि शहर यांच्या मधोमध काँक्रीटची भिंत घातल्यासारखा. त्याला तडे गेले, वाहतूक बंद झाली. आणि वाहनं नसलेला तो लांबलचक रस्ता स्केटर मंडळींच्या नजरेत भरला. त्यांचा म्होरक्या डेव्हिड माइल्स. हा कॅन्सस सिटीहून १९७९ साली इथे आला, गोल्डन गेट पार्कमध्ये स्केटिंग करणारे पाहिले आणि इथलाच झाला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी शुक्रवारी रात्री तिथे फिरायला सुरुवात केली. पुढे १९९१ मध्ये फ्रीवे पाडायला घेतला, भिंत गेली, खाडी मोकळी झाली, फेरी मात्र राहिली. मी आले तेव्हा तिथे नवी पामची झाडं लागलेली होती आणि कुणी सांगितल्याशिवाय खरं वाटू नये इतका तो रस्ता प्रशस्त दिसत होता.

नव्या माणसांसाठी पुढे एक जुना स्केटर असायचा. पांढरी दाढी, पाठीवर पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. तो दर टप्प्याला मागे वळून चालता चालता, म्हणजे उलटं स्केटिंग करत, माहिती सांगायचा. फेरी बिल्डिंगचा ७५ मीटर उंच घड्याळाचा मनोरा १८९८ चा. १९०६ च्या आणि १९८९ च्या, दोन्ही भूकंपांत तो उभा राहिला. मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, धक्क्यावर, त्याने एकदा मला मुद्दाम नेलं. तिथे गांधीजी उभे. १९८८ सालचा पुतळा, हातात काठी, पाऊल पुढे टाकलेलं, मागे खाडीचं काळं पाणी. आजूबाजूला सगळे चाकांवर आणि हा एकच माणूस पायी. मी नमस्कार केला, त्यानेही माझं बघून हात जोडले. मग तो म्हणाला, हा माणूस खूप चालायचा ना? मी म्हटलं, मिठासाठी. त्याला काही कळलं नाही, पण वेळ नव्हता, टोळकं निघालं होतं.

एंबार्काडेरोचा पहिला टप्पा म्हणजे नुसतं सुख. सपाट रस्ता, उजव्या हाताला एकामागून एक धक्के, डावीकडे टेकडीवर उजळलेला कॉइट टॉवर. शेकडो पायांखाली हजारो चाकं फिरतात तेव्हा एक सूं असा आवाज होतो, तो ऐकलेल्यालाच कळेल. चौक आला की पुढची चारपाच मंडळी दोन्ही बाजूंना आडवी उभी राहायची आणि गाड्या रोखून धरायची, गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाची पोरं दोर धरून उभी असतात तशी. गाडीवाले काही हॉर्न वाजवत, बरेच जण खिडकीतून हात हलवत. पोलिसांशी आधी बरीच कुरबुर झाली होती म्हणे. माझ्या काळापर्यंत त्यांना सवय झाली होती.

पियर ३९ ला पहिला थांबा. तिथे समुद्रसिंहांचा गोंगाट. भूकंपानंतर काही महिन्यांत ही जनावरं बोटींच्या तराफ्यांवर येऊन पसरली ती कायमचीच. शेवटी बोटवाल्यांनी जागा सोडली. वास असा की भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्या माणसानेही नाक दाबावं. मला मात्र त्या वासाने बरं वाटायचं, हे मी यांना कधी सांगितलं नाही.

फिशरमन्स वॉर्फच्या पुढे केबल कारचं वळण येतं. रस्त्याच्या मधोमध एक फट असते आणि फटीखाली केबल सतत धावत असते, ताशी साडेनऊ मैलांनी. गाडी नसली तरी तिची गुणगुण ऐकू येते. दाढीवाला प्रत्येक नव्या माणसाला थांबवून दाखवायचा: चाक या फटीत तिरकं घालायचं नाही, काटकोनात ओलांडायचं, पाऊल उचलून. मार्केट स्ट्रीटवरच्या ट्रामच्या रुळांचंही तेच. माझ्या चाकांची आतली कड लवकर झिजायची, कारण मी पाय आत झुकवून टाकायचे. मग घरी वर्तमानपत्र पसरून, ॲलन कीने एकेक चाक काढायचं, उलटं करायचं, पहिल्याच्या जागी तिसरं, दुसऱ्याच्या जागी चौथं. बेअरिंगमध्ये वाळू गेली असेल तर ती पुसून बोटाने चाक फिरवून बघायचं, किती वेळ फिरतं ते. यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, मिक्सरचं भांडं कधीचं अडकतंय, त्याला लावलास एवढा जीव तर!"

फोर्ट मेसनचा चढ दमवायचा. वर पोचलं की समोर मरीना, दूर गोल्डन गेट पूल, आणि जुलै महिन्यात हाडं गोठवणारं धुकं. मरीनातून जाताना दाढीवाल्याचा आवाज खाली यायचा. ही सगळी जमीन भर घालून केलेली. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खाडी बुजवली, नंतर त्यावर घरं बांधली. ८९ च्या धक्क्यात ती भर पाण्यासारखी हलली, घरं बसली, गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या आणि शहराचे पाण्याचे नळही तुटलेले. शेवटी अग्निशामक बोटीने खाडीतलं पाणी पंप करून आग विझवली. हे ऐकताना मला किल्लारी आठवायची. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन करून झोपलेली माणसं पहाटे उठलीच नाहीत. आमच्या बँकेने मदत गोळा केली होती, त्याच्या पावत्या मीच फाडल्या होत्या. इथे ६३ आणि तिथे दहा हजारांच्या घरात. भिंत कशाची बांधली, याने इतका फरक पडतो. दाढीवाल्याला मी ते सांगितलं. तो पूर्ण थांब्याभर गप्प होता.

आणि मग पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स. तळं, त्याच्या काठी गोल घुमट, भोवती प्रचंड खांब. बर्नार्ड मेबेकने प्रदर्शनापुरतं प्लास्टरमध्ये उभं केलेलं हे काम लोकांना पाडवेना, आणि साठच्या दशकात ते काँक्रीटमध्ये नव्याने बांधलं. खांबांच्या वर बायकांचे पुतळे आहेत, जगाकडे पाठ करून आत वाकून रडणारे. अशा शोकाकुल बायकांच्या खाली आमचा नाच व्हायचा. घुमटाखालची जमीन गुळगुळीत, टेप मोठ्याने लावलेला, सगळे गोल फिरताहेत. मला नाचता यायचं नाही, फुगडी यायची. एका शुक्रवारी हेवर्डच्या एका नर्सबाईचे हात धरले आणि चाकांवर फुगडी घातली. चाकांवरच्या फुगडीला पाय रेटावे लागत नाहीत, फक्त मागे रेलायचं. पुढच्या खेपेला रांग लागली होती. फिलिपिनो, मेक्सिकन, एक सहा फुटी रशियन. रशियन माणसाशी फुगडी घालू नये. तो सोडतो.

परतीची वाट नॉर्थ बीचवरून चायनाटाउनमध्ये आणि तिथून स्टॉकटन बोगद्यात. टेकडी फोडून १९१४ मध्ये काढलेला हा बोगदा नसता तर ही फेरी झालीच नसती. नॉब हिलवर स्केट्स घालून चढणं म्हणजे थट्टा. आत शिरताच सगळे आरोळ्या ठोकत. कुणी कोल्ह्यासारखं, कुणी नुसतंच हो हो. मी पहिल्यांदा संकोचले, आणि मग घशातून आलं ते "गणपती बाप्पा". "मोरया" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते मीच म्हटलं. दोनचार आठवड्यांत मागची पोरं "मोर्या" म्हणायला लागली, काय म्हणताहेत हे न विचारता. पलीकडे युनियन स्क्वेअरचे दिवे, आणि मग मार्केट स्ट्रीटवरून थेट पुन्हा मनोऱ्याकडे.

माझी मात्र धांदल असायची. बार्टची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास. स्टेशनात स्केट्स चालत नसत, म्हणून पायऱ्यांवर बसून बूट बदलायचे. फ्रीमाँटला हे जुन्या कोरोलात सीट मागे करून झोपलेले असायचे. शेजारी डब्यात थालीपीठ, फॉइलमध्ये गुंडाळलेलं, त्यांनी केलेलं, म्हणून थोडं जाड. मी खात खात सांगायची, ते गाडी चालवत हूं हूं करायचे. आईला मी हे फोनवर सांगितलं होतं. पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड, त्यातली दोन मिनिटं ती एकच वाक्य बोलली: "गुडघे फुटले तर तिथे तुझं कोण करणार आहे?" गुडघे फुटले नाहीत. मनगट एकदा मुरगळलं, ते त्या रशियनामुळे.

मला त्या फेरीत कुणी कधी विचारलं नव्हतं की तुम्ही काय करता. एरवी सगळीकडे पहिला प्रश्न तोच असायचा, आणि "काही नाही" हे उत्तर देताना जीभ जड व्हायची. शुक्रवारी रात्री लोक विचारायचे, ब्रेक घासलाय का, बदलून घे. एवढ्यावर आठवडा निघायचा.

पुढे मुलगी झाली, आम्ही पुण्याला परत आलो, स्केट्स मंडळातल्या एका मुलीला दिले. डेव्हिड माइल्सने २०१३ साली फेल आणि फिलमोर रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या जुन्या चर्चमध्ये स्केटिंग सुरू केलं. चर्च ऑफ एट व्हील्स त्याचं नाव. काही वर्षांनी यांच्या कामानिमित्त जाणं झालं तेव्हा मुलीला घेऊन एका शनिवारी दुपारी तिथे गेले. उंच छत, रंगीत काचा, वर रंगीबेरंगी दिवे फिरताहेत. भाड्याने चार चाकांचे जुन्या पद्धतीचे स्केट्स मिळाले. मुलगी भिंत धरून चालत होती. मी दोन फेऱ्या सावकाश मारल्या, तिसरीला पाय सुटले, आणि मग संगीताच्या तालावर जरा रेललेही. परत तिच्याजवळ आले तर ती इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "आई, ओरडू तरी नकोस." मी ओरडले नव्हते. पण तिला कुणीतरी सांगितलं असणार. गाडीत थालीपीठ खाताखाता, बहुतेक बाबांनीच.