माप उशीचे

मैत्रिणींनो, चप्पल घेताना आपण ती पायात घालून दुकानातच चार पावले चालून बघतो. ब्लाऊज अर्धा इंच सैल झाला तर शिंप्याशी भांडतो. पण जिच्यावर रोज रात्री सहा-सात तास डोके ठेवायचे, त्या उशीचे माप कधी घेतले आहे का हो कुणी? दुकानातून चार सारख्या उशा आणायच्या, भरतकाम केलेले अभ्रे चढवायचे, की झाले! सहा फुटी नवऱ्याला तीच, दहा वर्षांच्या मुलीला तीच आणि पाठीला पोक आलेल्या सासूबाईंनाही तीच. नव्या दोन उशा मात्र पाहुण्यांसाठी कपाटात. आणि घरातली सगळ्यात जुनी, गोळे झालेली उशी कुणाच्या वाट्याला येते, ते तुम्हांला मी सांगायला नकोच!

मी दुपारी एका शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझी मान सकाळी अवघडू लागली. फळ्यावर लिहायला हात वर केला की बोटांना झिणझिण्या यायच्या. वाटले, वह्या तपासून झाले असेल. डॉक्टरांनी तपासले, फोटो काढला. म्हणाले, "मणक्यात काळजीचं काही नाही. मानेचे व्यायाम देतो. पण मला सांगा, तुमची उशी कशी आहे? उद्या घेऊनच या." दुसऱ्या दिवशी पिशवीतून उशी घेऊन दवाखान्यात गेले. बाकावरच्या बायका बघतच राहिल्या! डॉक्टरांनी उशी टेबलावर ठेवून दोन बोटांनी दाबली. बोटे थेट टेबलाला टेकली. "बाई, ही उशी नाही," ते म्हणाले, "हा नुसता अभ्रा आहे."

मग त्यांनी जे सांगितले, ते तुम्हीही ऐकून ठेवा. आपल्या मानेत सात मणके असतात आणि ते सरळ रेषेत नसतात. त्यांची पुढच्या बाजूला हलकीशी कमान असते. साडेचार-पाच किलोचे डोके दिवसभर पेलायचे काम मानेच्या स्नायूंचे. त्यांना सुटी मिळते ती फक्त झोपेत. उशी फार उंच असली की मान दुमडते, फार बसकी असली की कलंडते, आणि स्नायूंची रात्रपाळी सुरू होते. म्हणजे उशीचे काम डोके वर उचलण्याचे नाही. मान, डोके आणि गादी यांच्यामध्ये जी पोकळी उरते, ती भरून काढण्याचे आहे. मऊपणाचा प्रश्न त्यानंतरचा. 1922 साली इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर उघडली, तेव्हा तिच्यात डोके टेकवायचे हस्तिदंती आधार सापडले. चांगले कडक! पण मानेखालची पोकळी ते भरून काढत.

ही पोकळी झोपण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते. उताणे झोपणाऱ्याला मानेखाली थोडा उंचवटा आणि डोक्याखाली बसकी जागा हवी. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीएवढी उंची हवी, नाही तर मान खाली लोंबते. पालथे झोपणाऱ्याची मान रात्रभर एका बाजूला वळलेली. त्याला उशी अगदी पातळ हवी, किंवा नसलेलीच बरी.

घरी येऊन मी फूटपट्टी काढली. एका रविवारी सगळ्यांना भिंतीशी उभे केले. कुशीवर झोपणाऱ्याने खांदा भिंतीला टेकवून मान ताठ ठेवायची आणि कान व भिंत यांतले अंतर मोजायचे. माझे साडेचार इंच भरले, ह्यांचे सहा. उताणे झोपणाऱ्याने टाचा आणि पाठ भिंतीला लावून नेहमीसारखे उभे राहायचे. मग डोक्यामागची आणि मानेमागची जागा वेगवेगळी मोजायची. गादी मऊ असेल तर खांदा तिच्यात रुततो, म्हणून मापातून इंचभर वजा करा. घट्ट कापसाच्या गादीवर किंवा जमिनीवर झोपत असाल तर पूर्ण माप धरा.

शेवटी सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांची पाठ भिंतीला लागली, पण डोके काही लागेना. मध्ये तब्बल साडेतीन इंच! अन् ह्याच बाई गेली कित्येक वर्षे बिनउशीच्या झोपत होत्या, कारण "उशी सोडा म्हणजे मान सुधारेल" असे त्यांना कुणीसे सांगितले होते. पाठीला बाक आलेल्या माणसाची उशी काढून घेतली की डोके मागे पडते आणि हनुवटी छताकडे जाते. रात्री दोन-दोनदा त्या अंथरुणावर उठून बसायच्या. आम्ही म्हणायचो, वयाने झोप कमी होते. मी पट्टी वाचून आकडा सांगितला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे अगं, माझी उशी माझ्या पाठीनंच मागितली होती की!"

आता शिवण्याचे सांगते. भरायला मी सावर घेतली. सावरीचा धागा गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो. त्याचे सूत निघत नाही, पण उशीला तो झकास. साध्या कापसापेक्षा हलका, आणि लवकर दगड होत नाही. घट्ट विणीचा मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या, कारण सावर मोठी चुकार, विरळ कापडातून बाहेर येते. अठ्ठावीस बाय सतरा इंचांचे दोन तुकडे कापून दोन आखूड बाजू आणि एक लांब बाजू दुहेरी शिवणीने शिवा. मग लांबीचे नऊ-नऊ इंचांचे तीन भाग करून दोन आडव्या टिपा मारा. तीन कप्पे तयार होतात आणि तिघांची तोंडे एकाच बाजूला येतात. तोंडांना नाड्या लावा, शिवून टाकू नका. सगळी युक्ती त्या नाड्यांतच आहे.

मधला कप्पा उताणे झोपण्यासाठी, कडेचे दोन कुशीसाठी. झोपेत आपण कूस बदलतोच, तेव्हा डोके आपोआप एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. कडेच्या कप्प्यांत पाव-पाव किलोपासून सुरुवात करून चारशे ग्रॅमपर्यंत जा. मधल्यात दीड-दोनशे ग्रॅम पुरे. मधल्या कप्प्यात मानेच्या बाजूला जुन्या सुती साडीच्या पट्टीची अडीच इंच जाडीची सुरळी घाला. भरताना पंखा बंद ठेवा आणि नाकातोंडाला फडके बांधा, नाही तर घरभर सावरीचा पाऊस!

उंची मोजायची ती डोके ठेवल्यावरची, फुगलेल्या उशीची नव्हे. कुशीवर झोपा आणि मुलीला समोरून बघायला सांगा. नाक, हनुवटी आणि छातीचा मध्य एका रेषेत, गादीला समांतर हवेत. नाक गादीकडे झुकले तर नाडी सोडून मूठभर सावर घाला, छताकडे गेले तर मूठभर काढा. आठवड्याने सावर बसते, तेव्हा पुन्हा एकदा बघा. बाजारात आता दाबाने आकार घेणाऱ्या फोमच्या उशा मिळतात. हा फोम 1966 साली अमेरिकेच्या 'नासा'साठी विमानातल्या आसनांकरिता शोधला गेला. त्या वाईट नाहीत, पण उंची चुकली तर त्यातून मूठभर काही काढता येत नाही!

सासूबाईंना तीन कप्पे नको होते, त्या उताण्याच झोपतात. त्यांना साडेतीन इंचांची सबंध उशी केली आणि गुडघ्यांखाली छोटी गुंडाळी. हे पालथे झोपणारे. त्यांना मी कवेत घ्यायला एक लांब लोड शिवून दिला. लोड धरला की माणूस आपोआप कुशीवर येतो. पहिल्या रात्री "हे काय लहान मुलासारखं!" म्हणाले, आता गावाला जाताना लोड नेता येत नाही म्हणून कुरकुरतात. माझी नणंद आठव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा तिच्यासाठी दोन गुडघ्यांमध्ये एक चपटी उशी आणि पोटाखाली एक पातळ घडी केली. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपावे, असे डॉक्टरही सांगतात. आंबट ढेकरा, जळजळ असणाऱ्यांनी मात्र उशांवर उशा रचू नयेत, त्याने पोट दुमडते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे घालावेत. आणि बाळाची मोहरीची उशी कितीही हौसेची असली, तरी वर्षाच्या आतल्या बाळाला उशीच नको, हे आजच्या बालरोगतज्ज्ञांचे सांगणे कृपा करून ऐका.

निगा सोपी. अभ्रा आठवड्याला गरम पाण्यात धुवा. सावर धुवायची नाही, महिन्याने उन्हात टाकून काठीने हलकेच झोडायची. उशी मधोमध दुमडून सोडली आणि ती पुन्हा उलगडली नाही, की समजा तिचे आयुष्य संपले.

माझ्या मानेचे म्हणाल, तर व्यायाम आणि उशी मिळून दोन महिन्यांत फळ्यावरचा हात मोकळा झाला. उशी म्हणजे औषध नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. हाताची ताकद कमी झाली, बधिरपणा जाईना, तर आधी डॉक्टर, मग सुईदोरा.

घरातल्या कोणाला किती पोळ्या लागतात, हे आपल्याला तोंडपाठ असते. आता त्यात उशीचे इंच घाला. आणि मैत्रिणींनो, एक विनंती. कापड बेतताना पहिला तुकडा स्वतःच्या मापाचा कापा. शेवटच्यासाठी ठेवलात, तर सावर संपलेली असेल, हे तुम्हीही जाणता आणि मीही.