चला, अजिंठ्याला!

येत्या थंडीत एका रविवारी मुलाबाळांसह अजिंठ्याला जायचे, असे आम्ही घरात ठरविले आहे. पिंप्राळ्याहून लेणी जेमतेम ६० किलोमीटर. तरी आमच्या म्हाताऱ्या आईने ती अजून पाहिलेली नाहीत. रोज बुडेल, या धास्तीने जाणे राहूनच गेले. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एस.टी.ने पहूरमार्गे फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचे. तेथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर वेगळी बस. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट नाही. भाकरी, चटणी, पाणी घरूनच न्यायचे.

पायऱ्या पुष्कळ, म्हणून सगळी लेणी पाहण्याचा हट्ट नको. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी, दहाव्यातील प्राचीन चैत्य आणि सव्विसाव्यातील सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती शांतपणे पाहू. चित्रांना हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावले आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी ‘शोधली’, एवढेच मुलांना ठाऊक असते. पण सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखात ते कोरवून घेणाऱ्या भिक्खू बुद्धभद्राचे नाव आहे. त्याला सुमारे पंधराशे वर्षे झाली. हे नाव मुलांनी वहीत लिहून आणले, तर बुडालेला रोज भरून निघाला असे आम्ही समजू.