शमामा लावणारी माणसं

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की मी खस आणि मोगरा कपाटात ठेवतो आणि शमामा बाहेर काढतो. गडद तपकिरी रंगाचं हे अत्तर पुरुषांचं आणि थंडीचं मानलं जातं. खस, केवडा, गुलाब थंड. हिना आणि शमामा उष्ण, असा अत्तरवाल्यांचा जुना हिशेब आहे. माझ्या ओळखीत शमामा लावणारे बरेच आहेत. मात्र त्यांच्यातल्या दोघांचं त्याबद्दल एकमत झालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

माझे काका नागपूरचे. तिकडची थंडी खरी थंडी. ते फाया कानाच्या पाळीत ठेवतात आणि वर शाल घेतात. त्यांच्या मते शमामाचा जीव मसाल्यात नाही, चंदनात आहे. मसाला सकाळी बोलतो, चंदन रात्रीपर्यंत सोबत करतं आणि खरा गोडवा तेव्हा कळतो. अलीकडे मात्र ते नाराज असतात. “दुपारी हात हुंगावा तर काहीच उरलेलं नसतं,” म्हणतात.

मुंबईत राहणाऱ्या माझ्या मित्राला याच अत्तराचं ओझं होतं. तो ते मनगटावर आणि मानेवर लावून लोकलमध्ये चढला, आणि दादर येईपर्यंत त्याला गुदमरल्यासारखं झालं. अंगाला गोडा मसाला भाजतानाचा वास येतोय असं त्याला वाटत राहिलं. जेवणात हवाहवासा वाटणारा वास कपड्यांना कशाला, असा त्याचा प्रश्न. शिवाय पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग निघाला नाही, ही तक्रार वेगळीच.

भाचा स्प्रे वापरणारा. बाटलीचं बूच काढून हुंगल्याबरोबर म्हणाला, “मामा, हा तर काष्ठौषधींच्या दुकानाचा वास आहे.” मी बोटाने त्याच्या हातावर थेंबभर लावलं. संध्याकाळी तो स्वतःहून विचारायला आला, की सकाळचं ते हेच का. तेव्हा त्याला ते आवडलं होतं. आणि बायकोचं म्हणणं असं, की मी शमामा लावलं की घरात नरक चतुर्दशीच्या पहाटेचा, उटण्याचा वास येतो.

ही सगळी मतं मला खरी वाटतात, कारण ती त्या बाटलीतल्या जिनसांशी जुळतात. शमामात दगडफूल असतं. अत्तरवाले त्याला चरिला म्हणतात. गोड्या मसाल्यात आपण घालतो तेच हे. लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा हेही असतात. नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी या उटण्यातल्या वनस्पती, आणि काष्ठौषधींच्या दुकानातही त्याच मिळतात. म्हणजे मित्राला स्वयंपाकघर आठवलं, बायकोला अभ्यंगस्नान आणि भाच्याला औषधाची पुडी, तेव्हा प्रत्येकाने त्या मिश्रणातला आपल्या ओळखीचा भाग अचूक पकडला होता.

मतं वेगळी होण्याचं दुसरं कारण शमामा जिथे बनतं त्या उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला आहे. तिथे तांब्याच्या देगेत पाणी आणि वनस्पती घालून तोंड मातीने लिंपतात, खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात थंड राहतो आणि त्यात आधीच घातलेलं चंदनाचं तेल तो सुगंध शोषून घेतं. गुलाबाला गुलाब पुरतो. शमामाला एकामागून एक कितीतरी जिनसा लागतात आणि काम कित्येक दिवस चालतं. त्यांचं प्रमाण प्रत्येक घराण्याचं वेगळं, आणि ते बाहेर सांगत नाहीत. त्यामुळे दोन माणसं शमामावर वाद घालतात तेव्हा पुष्कळदा ती दोन वेगळ्या अत्तरांबद्दल बोलत असतात.

त्यातच चंदनाचं तेल अतिशय महाग झालं. त्याच्या जागी पॅराफिनसारखी गंधहीन, स्वस्त तेलं आली. अशा अत्तरात वरचा मसाला ऐटीत येतो, पण तो ओसरला की खाली धरून ठेवणारं काही नसतं. काकांची दुपारची तक्रार मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते.

राहिला लावण्याचा प्रश्न. स्प्रेमधलं अल्कोहोल क्षणात उडतं आणि सुगंध सोबत घेऊन जातं, म्हणून पहिल्या क्षणीच त्याची ओळख होते. अत्तरात अल्कोहोल नसतं. ते अंगाच्या उबेने हळूहळू खुलतं. सवय नसलेला माणूस ‘येतच नाही वास’ म्हणून आणखी लावतो. मुंबईच्या दमट हवेत, गर्दीत तेच अंगावर येतं. त्यात भर म्हणजे आपलं नाक आपल्या अंगावरच्या वासाला थोड्याच वेळात सरावतं. लावणाऱ्याला वाटतं वास गेला, शेजारी बसलेल्याला तो पुरेपूर येत असतो. म्हणून स्वतःच्या अत्तराबद्दल स्वतःचं मत शेवटचं मानू नये, घरच्यांना विचारावं.

मला कोणी विचारलं तर मी सांगतो, की दुकानात बूच हुंगून ठरवू नका आणि पहिल्यांदाच तोळाभर, म्हणजे साधारण १२ मिलिलिटर घेऊ नका. सर्वांत लहान कुपी घ्या. थंडीच्या दिवशी सकाळी हाताच्या मागच्या बाजूला थेंबभर लावा, दुपारी हुंगा, झोपताना हुंगा, आणि मग मत द्या. ते वाईट असलं तरी द्या, आणि दुकानदाराला जाऊन सांगा.

कन्नौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मानांकन गावाचं नाव राखतं; कुपीत चंदन आहे की पॅराफिन, हे शेवटी नाकच ठरवतं. सगळे गुमान ‘छान आहे’ म्हणू लागले, तर कित्येक दिवस देगेपाशी बसणाऱ्या कारागिराने चंदन कोणासाठी वापरायचं? दुपारी हात हुंगून कुरकुरणारे काका, म्हणूनच, मला शमामाचे सर्वांत सच्चे चाहते वाटतात.