पाहुणा जेवत नाही

पावण्याच्या गावठाणातल्या त्या घरी मी आजींचे वजन करायला गेलो होतो, आणि नातवाने माझ्यापुढे साप आणून ठेवला.

गेली सत्तावीस वर्षे मी या भागात दवाखाना चालवतो. ठाणे-बेलापूर रस्ता, औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर, एवढ्या पट्ट्यात पावसाळ्यात साप निघणे ही नवलाईची गोष्ट नाही. सापाशी माझा संबंध आला तो चावल्यानंतरच. रुग्णाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे वेळ न दवडता रवाना करायचे. ‘साप जेवत नाही’ ही तक्रार घेऊन मात्र माझ्याकडे आजवर कोणी आले नव्हते.

नातू एकोणीस वर्षांचा. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या डब्यात करंगळीएवढ्या जाडीचे, तपकिरी-काळ्या नक्षीचे एक वेटोळे होते, आणि त्या वेटोळ्याच्या पोटात डोके खुपसलेले. हा बॉल पायथन, म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतला एक लहानखुरा, बिनविषारी अजगर. भ्यायला की अंगाचा चेंडू करून घेतो, म्हणून हे नाव. मी आधी कागद मागितले. आपल्या डोंगरात सापडणारा भारतीय अजगर घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. तो दिसला तर वनखात्याला कळवायचे, त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. परदेशी जातींचीही आता परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आणि या सापांची चोरटी ने-आण थोडीथोडकी नाही: डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन सापडले होते. मुलाने नोंदणीचा कागद दाखवला. पुण्याच्या मित्राकडून रीतसर घेतलेले पिल्लू होते. मग माझी तक्रार उरली नाही. त्याची मात्र होती.

“डॉक्टरकाका, पाच आठवडे झाले, याने काहीच खाल्लं नाही. तुम्ही त्या मागच्या गल्लीतल्या आजोबांना नाकातून नळी घातली होती ना, तसं याला भरवता येईल का?”

त्याच्या हातात बिनसुईची सिरिंज तयारच होती. माझे लक्ष मात्र आतल्या खोलीकडे होते. तिथे सूनबाई आजींच्या तोंडाशी पेजेचा चमचा धरून उभ्या होत्या. आजींनी मान भिंतीकडे वळवली होती. सूनबाईंनी हनुवटी धरून चमचा आत ढकलला आणि आजींना ठसका लागला. चांगला मिनिटभर. मी आत जाऊन चमचा खाली ठेवायला सांगितला. अशक्त माणसाच्या तोंडात बळजबरीने लोटलेला घास श्वासनलिकेत उतरू शकतो, त्यातून न्यूमोनिया होतो, आणि तो या वयात जिवावर बेततो. भरवणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. फुप्फुसाला ते कळत नाही.

सापाचा डॉक्टर मी नव्हे, हे मुलाला सांगितले आणि परदेशी प्राणी पाहणाऱ्या एका पशुवैद्याशी माझ्याच फोनवरून बोलणे करून दिले. त्या गृहस्थांनी नळीचे नाव ऐकताच नाही म्हटले. पिल्लाच्या घशात काही ढकलणे हा अगदी शेवटचा उपाय, तोही जाणत्या हातांनी करायचा. एरवी आतल्या नाजूक भागांना इजा होते आणि भेदरलेले जनावर आणखी दिवस तोंड उघडत नाही. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले, आणि ते ऐकताना, खरे सांगतो, मला माझ्याच व्यवसायाची थोडी लाज वाटली. काय खायला देता हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारले. आधी विचारले ते असे: कुठे ठेवला आहे? किती ऊब आहे? लपायला जागा आहे का? दिवसातून किती वेळा हातात घेता? वजन किती उतरले?

उत्तरे बोलकी होती. पिल्लू दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, तीन फुटी काचेच्या पेटीत होते. मित्र यायचे, बाहेर काढून फोटो घ्यायचे. जानेवारीतली थंडी, पहाटे गारठा, आणि ऊब म्हणून एक साधा दिवा, तोही रात्री विझवलेला. खाद्य म्हणून एकदा जिवंत पांढरा उंदीर रात्रभर आत सोडला होता. त्याने सापाला खाण्याऐवजी सापाच्याच शेपटीचा चावा घेतला. ती जखम मी डोळ्यांनी पाहिली. एका शेजारणीने दूधही सुचवले होते. साप दूध पचवू शकत नाही, त्याला वाटीभर स्वच्छ पाणी पुरते, हे नागपंचमीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे सांगूनही आपल्याकडे पटत नाही.

वजन मात्र कोणी केलेच नव्हते. आम्ही ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर, डब्याचे वजन वजा करून केले: ९१ ग्रॅम. मित्राने देताना लिहिलेला आकडा ९४ होता. पशुवैद्य निश्चिंत झाले. अजगर हा बसल्या जागी वाट पाहणारा शिकारी; दोन जेवणांमधल्या काळात त्याची आतडीसुद्धा आक्रसतात आणि भक्ष्य पोटात पडले की पुन्हा वाढतात. ब्रह्मदेशी अजगराच्या अभ्यासात तर जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले आढळले आहे. मोठा बॉल पायथन कित्येक महिने उपाशी राहूनही धडधाकट असतो. पिल्लाला इतकी मोकळीक नसते, पण पाच आठवड्यांत तीन ग्रॅम ही घाबरण्याची घट नव्हे. दहा टक्के उतरले, बरगड्या-कणा दिसू लागला, तोंडातून फेस किंवा श्वासाला घरघर आली, तर थांबायचे नाही.

हा आकडा ऐकून मी माझ्या वहीतले आजींचे पान उघडले. चार महिन्यांपूर्वी ५२ किलो. त्या दिवशी ४७.५. म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. इथे धीर धरायला सापासारखी सवड नव्हती. वृद्ध माणसाचे वजन प्रयत्न न करता महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरले, तर ‘वय झालं, भूक मंदावणारच’ असे म्हणून सोडून देऊ नये, त्याचे कारण शोधावे, हे मीच इतरांना सांगत आलो आहे. आणि या घरी दोन वेळा येऊन मी टॉनिक लिहून गेलो होतो.

मग पशुवैद्याचेच प्रश्न मी आजींना विचारले. त्यांनी थेट उत्तर दिले.

“येवरी मानसा टकामका बगतान, मग कोन जेवल?”

पूर्वी त्या सर्वांना वाढून शेवटी नातवाबरोबर स्वयंपाकघरात बसून जेवत. गुडघे धरल्यापासून ताट पलंगावर येऊ लागले होते, आणि ताटाबरोबर दोन-तीन माणसे. ‘एक घास’, ‘अजून एक’ असे मोजणे चाले. तोंडात पाहिले तर सैल झालेल्या कवळीखाली फोड. मधुमेहाची मेटफॉर्मिनची मात्रा मी सप्टेंबरात वाढवली होती. त्या गोळीने अनेकांची भूक जाते, मळमळते. आणि भिंतीवर अडकवलेला आहाराचा कागद माझ्याच अक्षरात होता: मीठ बंद, सुकी मासळी बंद, तेल बंद. ज्या बाईने साठ वर्षे तांदळाच्या भाकरीबरोबर जवळा-बोंबील खाल्ला, तिला मी अळणी पेजेवर बसवले होते. रक्तदाबासाठी मीठ आवरायला हवे हे खरेच. पण ‘आवरा’ आणि ‘बंद’ यांत अंतर आहे, आणि ते लिहिताना मी पाळले नव्हते. मी तो कागद काढून खिशात घातला. सूनबाईंनी पाहिले; काही बोलल्या नाहीत.

रक्त व थायरॉइडच्या तपासण्या केल्या, दंतवैद्याकडे पाठवले, मात्रा उतरवली. दुपारी चार घास कमी चालतील पण ते स्वयंपाकघरात, खुर्चीवर ताठ बसून, सर्वांबरोबर. जवळा आठवड्यातून दोनदा, धुऊन, वरून मीठ न घालता.

सापाची व्यवस्था त्यापेक्षा खर्चिक निघाली. मोठी पेटी काढून लहान, हवेशीर झाकणाचा डबा आला, त्याच्या तीन बाजूंना कागद लावला. एका टोकाला तापमान-नियंत्रकावर चालणारी ऊब, ३२ अंशांच्या आसपास. दुसरे टोक २६. दोन्हीकडे अंग घासेल इतक्या अडचणीच्या कपारी, कारण या सापाला प्रशस्त जागेपेक्षा अंगाला टेकणाऱ्या भिंती सुरक्षित वाटतात. दहा दिवस कोणीही हात लावायचा नाही. मुलासाठी हेच सर्वांत कठीण होते. तो दाराशी घुटमळायचा. मग अंधार पडल्यावर, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढेच गोठवलेले उंदराचे पिल्लू गरम पाण्यात पिशवीतून निववून, शरीराच्या उष्णतेइतके करून, लांब चिमट्याने समोर धरायचे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गार भक्ष्य त्याच्या लेखी भक्ष्यच नसते. नाही घेतले, तर अर्ध्या तासात काढून घ्यायचे आणि आठवडाभर पुन्हा नाव काढायचे नाही.

उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला सूनबाईंनी साफ नकार दिला आणि मी त्यांची बाजू घेतली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर व त्यांच्या खाद्यावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि त्यांचा त्रास होतो तो नेमका पाच वर्षांखालील मुलांना व वृद्धांना. ज्या घरात म्हातारे माणूस आहे तिथे असा प्राणी स्वयंपाकघरात न आणणे, त्याची भांडी मोरीत न धुणे आणि हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे कटाक्षाने पाळावे. स्वयंपाकाचा काटाही मी त्या दिवसापासून सापाच्याच नावे करून टाकला. मुलगा एकेक पिल्लू बर्फाच्या डब्यातून मित्राकडून आणू लागला.

पहिल्या वेळी सापाने वास घेतला आणि मागे सरला. दुसऱ्या आठवड्यातही तेच. मुलाने मला फोन करून सिरिंजची आठवण दिली. मी त्याला वजन विचारले. ९० ग्रॅम. “मग झोप,” म्हटले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला संदेश आला: ‘खाल्लं!!’

मी चष्मा शोधला आणि विचारले, ‘कोणी?’

‘साप. आजी केव्हाच जेवून झोपली.’

पुढच्या भेटीत त्याने वही दाखवली. एका रकान्यात ग्रॅम, दुसऱ्यात किलो. साप ९८, आजी ४८.२. आजींचा रकाना मी सांगितलेला नव्हता. आजी पाटाशेजारी खुर्ची टाकून मासळी निवडत बसल्या होत्या, आणि सापाचे आता कसे आहे म्हणून विचारले तर म्हणाल्या, मना काय ठाव, मी त्याच्याकडं बगतच नाय.

मार्चमध्ये सापाने पुन्हा दोन आठवडे खाल्ले नाही. डोळे दुधाळ निळे झाले होते, म्हणजे कात टाकायची वेळ. त्या दिवसांत तो खात नाही. हे मला नंतर कळले. या वेळी फोन आला नव्हता.