धारगळचे भिरंड

कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात धारगळ येते. ही आमची सासुरवाडी. २०२२ च्या डिसेंबरात येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, जवळच मोपाला विमानतळ झाला, आणि भाडेकरूंसाठी दोन खोल्या काढाव्यात असे घरोघरी वाटू लागले. आमच्या मेहुण्यांनाही वाटले. त्यांच्या खोल्यांच्या आड परसातले एक भिरंड येत होते.

भिरंड म्हणजे कोकमाचे झाड. सिंधुदुर्गात याच्या फळाला रातांबा म्हणतात. मराठी घर इंदुरास असो वा बडोद्यास, तेथल्या आमटीत पडणारे आमसूल ही याच फळाची वाळवलेली साल. शास्त्रीय नावातील 'गार्सिनिया' हा शब्द गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ताचा असावा, असे आम्ही वर्गात बरीच वर्षे ठोकून देत होतो. तो निघाला लॉरां गार्सँ नामक दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञाचा. असो.

नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब गेलो, तेव्हा झाड फुलावर होते. मेहुणे म्हणाले, "भावोजी, हे दादले झाड. फुलते अमाप, धरत काही नाही. पुढच्या आठवड्यात पाडतो." कोकमाची रोपे बियांपासून केली तर सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. म्हणून आता मादी झाडाच्या कलमांकडे ओढा आहे; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' त्यांतलीच. तरी बागेत थोडी नर झाडे परागांसाठी राखावीत, असे तज्ज्ञच सांगतात. विहिरीकडचे मादी झाड दर वैशाखात लाल होते, ते काय आपल्या एकट्याच्या बळावर?

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ह्याचीही फळे मी वेचली आहेत. पाच-सहाच, पण वेचली." सगळे हसले. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेचे भिंग घेऊन आम्ही झाडाखाली बसलो. नर फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाट झुबका असतो. मादी फुलात गोल बीजकोश आणि त्यावर कुक्षीची टोपी. भोवती चार-दोन पुंकेसर दिसतात, पण ते नावापुरते, त्यांचे पराग वांझ. चाळीसेक फुले पाहिली. बहुतेक निव्वळ नर. तीन फुलांत मात्र पुंकेसरांच्या मधोमध बीजकोश होता, आणि पुंकेसरही भरलेले; बोटाला पिवळी पूड लागली.

कोकमात नर, मादी आणि उभयलिंगी अशी तिन्ही तऱ्हांची झाडे आढळतात आणि त्यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते, असे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले आहे. आम्ही भाषेचे शिक्षक. हे वाचलेले होते, तरी सासूबाईंच्या बोलण्याशी त्याचा मेळ घालावा हे सुचले नाही. सत्तर वर्षे त्या परसात वावरलेल्या बाईला आम्ही हसलो होतो, याची मनापासून लाज वाटली.

भिंग त्यांच्या हाती दिले. त्यांनी एक फूल पाहिले आणि "मग?" एवढेच म्हणाल्या.

मेहुणे लगेच विरघळले नाहीत. "पाच-सहा भिरंडांसाठी खोली सोडू?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि आमच्यापाशी त्याला पैशांतले उत्तर नव्हते. विहिरीकडच्या झाडाचे सांगितले, तेव्हा मात्र ते गप्प झाले. पाया तीन हात पूर्वेला सरकवता येईल का, हे गवंड्याला विचारायचे ठरले. गवंडी नाताळसाठी गावी गेलेला होता.