थांब्यांचा कागद

गणपती महिन्यावर आले की वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत दुसरा विषय नसतो. कुणाचं कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवर, कुणी एसटीच्या जादा गाडीचं ग्रुप बुकिंग केलेलं, कुणाचे खासगी बसचा दर ऐकून डोळे पांढरे झालेले. २०१८ साली मी या सगळ्यातून सुटलो. त्या मे महिन्यात मी सेकंड हॅण्ड वॅगनआर घेतली होती. १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या माणसाला स्वतःची चार चाकं म्हणजे काय वाटतं ते सांगायला नको. गाडी जांबोरी मैदानाच्या कडेला उभी असायची आणि मी दिवसातून पाच वेळा खाली जाऊन ती आहे ना ते बघून यायचो.

चतुर्थी १३ सप्टेंबरला, गुरुवारी होती. मंगळवारी दिवसभर ऑफिस करून रात्री साडेनऊला निघायचं, सकाळी सातला नांदगाव तिठ्यावरून आत वळायचं आणि अंगणात चहा प्यायचा, असा माझा बेत. वरळीपासून आमचं घर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवरचा नकाशा साडेनऊ तास दाखवत होता. निघताना बाबांनी विचारलं, “खय खय थांबायचा?”

बाबा गिरणीत होते. त्यांनी आयुष्यभर गाव गाठलं ते एसटीच्या लाल डब्यातून. मी म्हणालो, “थांबायचं कशाला बाबा? आपली गाडी आहे!”

त्या प्रवासात मी ज्या काही चुका केल्या, त्या सगळ्यांचं मूळ या एका वाक्यात होतं. हे कळायला मात्र सोळा तास लागले.

पहिली चूक गाडी भरतानाच झाली. कॅरिअरवर दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं, डिकीत लाडवांचे डबे, समई, कपडे आणि सर्वांत वर पुठ्ठ्याचं मखर. त्या वर्षी थर्माकोलवर बंदी आली होती, म्हणून बायकोने आणि मुलीने आठवडाभर बसून ते कापून, चिकटवून केलेलं. स्टेपनी या सगळ्याच्या तळाशी. तिच्यात हवा आहे का, हे मी गाडी घेतल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. इतर चाकांत हवा होती, पण रोजची. पाच माणसं आणि एवढं सामान असलं की मागच्या चाकांना जास्त हवा लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं होतं. तो स्टिकर मी पंक्चर झाल्यावर वाचला.

पळस्पे फाट्यापासूनच गाड्यांची रांग लागली. पनवेल ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं होतं, आणि सात वर्षांनीही तिथे डांबर कमी, खड्डे जास्त अशी गत होती. वडखळपर्यंत पोचता पोचता मध्यरात्र झाली. वेळ भरून काढायची म्हणून कोलाडच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळताच मी गाडी पळवली. पाऊस होता. पाण्याने भरलेला खड्डा रात्री सपाट रस्त्यासारखाच दिसतो. धाडकन आवाज आला आणि मागचं डावं चाक बसलं.

रात्रीचा एक वाजला होता. सगळं सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवलं. मखर मुलीच्या हातात दिलं, ते तिने छत्रीखाली धरलं. मी जॅक लावला, चाक उचललं आणि पाना घालून नट फिरवायला गेलो, तर नटाबरोबर अख्खं चाकच फिरायला लागलं. पुन्हा ताकद लावली. गाडी जॅकवर डुगडुगली, बायको ओरडली. मागे थांबलेल्या टेम्पोतून एक माणूस उतरला. काही न बोलता त्याने गाडी खाली घेतली, पुढच्या चाकाला दगड लावला, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट अर्धा फेरा सैल केले आणि मग पुन्हा जॅक चढवला. सात-आठ मिनिटांचं काम. जाताना एवढंच म्हणाला, “आधी माणसांना रस्त्यावरून बाजूला घ्या.” तेव्हा बघितलं, तर आई आणि मुलगी गाडीच्या मागे, येणाऱ्या दिव्यांच्या वाटेतच उभ्या होत्या. गाडीमागे पन्नासेक पावलांवर ठेवायचा लाल त्रिकोण डिकीतच होता, पिशवीतून न काढलेला. स्टेपनीत हवा अर्धीच होती. पुढे पंक्चरवाल्याला झोपेतून उठवावं लागलं. मखराचा एक खांब तोवर भिजून वाकला होता.

या सगळ्यात दीड तास गेला, म्हणून मी नकाशाच्या आहारी गेलो. माणगावच्या कोंडीत तो म्हणाला, डावीकडे वळा, वीस मिनिटं वाचतील. माझ्या पुढच्या पंचवीस गाड्यांनाही त्याने तेच सांगितलं होतं. एका वाडीतल्या एकपदरी रस्त्यावर समोरून दुधाची गाडी आली आणि आम्ही सगळे एकामागोमाग रिव्हर्स घेत बसलो. पुढे नेटवर्क गेलं आणि नकाशाचा निळा ठिपका जागीच गोठला. तेव्हापासून मी निघण्याआधी नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतो, आणि आडवाटेला लागायचं तर आधी टपरीवर विचारतो. रस्ता चिंचोळा आहे का, साकवावर पाणी आहे का, हे गावातल्या माणसाला ठाऊक असतं.

महाडजवळ सावित्रीचा नवा पूल आला. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथलाच ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला होता आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही. पूल ओलांडताना बाबांनी हात जोडले. गाडीत कुणी काही बोललं नाही. मी त्या दोन मिनिटांत वेग कमी केला आणि पूल संपल्यावर पुन्हा वाढवला.

पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. चढ संपला आणि धुकं लागलं. मी हाय बीम लावला, तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. चारही इंडिकेटर चालू केले. मागच्याला मी थांबलोय की चाललोय, डावीकडे वळणार की उजवीकडे, काहीच कळत नसणार. त्यात उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली. मुंबईत त्या आठवड्यात पेट्रोल ८८ रुपयांच्या वर गेलं होतं, वाटलं तेवढंच वाचेल. चौथ्या वळणावर जळकट वास आला आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. बाबा गाडी चालवत नाहीत, पण एसटीत ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आले. ते म्हणाले, “ज्या गिअरान चढलंस, त्याच गिअरान उतर.” मी दुसरा गिअर टाकला आणि गाडी इंजिनानेच धरून ठेवली. मेकॅनिकने नंतर सांगितलं की आताच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना इंजिनाचं पेट्रोल आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचलं काहीच नव्हतं.

खरी वेळ आली ती घाट उतरल्यावर. उजाडायला लागलं होतं, रस्ता सरळ होता, पाऊस थांबला होता. मी चोवीस तास जागा होतो. मला झोप आल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. बायको काहीतरी विचारत होती आणि मी उत्तर दिलं असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी गप्प होतो. मग चाकांखाली खडी वाजली. डोळे उघडले तेव्हा गाडीची डावी बाजू डांबर सोडून खाली उतरली होती आणि समोर मैलाचा दगड होता. स्टिअरिंग कसं फिरवलं ते आठवत नाही.

कुणी ओरडलं नाही. बाबा शांतपणे म्हणाले, “गाडी बाजूक घी. गणपती खय पळान जातलो नाय.”

भरणे नाक्यावर गाडी लावून मी सीट मागे टाकली आणि पाऊण तास मेल्यासारखा झोपलो. तोवर मी चहा, च्युइंगम, उघडी काच, मोठ्याने गाणी, सगळे उपाय करून बसलो होतो. झोपेवर झोप सोडून दुसरा उपाय नाही. दुपारी दीडला आम्ही अंगणात पोचलो.

तरीही सगळ्यांत मोठी चूक मला तिसऱ्या दिवशी कळली. आईला उन्हाळी लागली होती. ती दोन दिवस कुणाला बोलली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तेव्हा बायको म्हणाली, “त्या दिवशी निघाल्यापासून भरणे नाक्यापर्यंत आम्ही दोघी पाणीच प्यायलो नाही. तुम्ही कुठे थांबवणार होता?”

मी गाडी चालवत होतो, वेळ मोजत होतो. पंक्चर झालं तेव्हा मी आणि बाबा अंधारात दोन पावलं बाजूला जाऊन आलो होतो. त्या दोघी कुठे जाणार, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

परतीला गौरी-विसर्जनानंतर सगळं कोकण एकदम निघतं. पाच रात्री भजनं आणि फुगड्या झालेल्या असतात, चालवणारा झोपेचा कर्जबाजारी असतो. आम्ही एक दिवस उशिरा, पहाटे निघालो. त्याआधी रात्री बाबांनी मुलीच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि त्यावर एसटीचे थांबे लिहिले. राजापूर, संगमेश्वर, चिपळूण, महाड. त्यांच्या लाल डब्यात ड्रायव्हर बदलायचा, कंडक्टर दहा मिनिटं म्हणायचा, बायका उतरायच्या, पोरं पाय मोकळे करायची. ज्याला आम्ही रखडपट्टी म्हणून हसायचो, ती प्रवासाचीच आखणी होती.

आता कशेडीच्या पोटातून बोगदा झालाय. शिवडीहून अटल सेतूवर चढलं की चिर्ले येईपर्यंत पोरांचं पहिलं वेफर्सचं पाकीटही संपत नाही. रस्ता सुधारला तशी न थांबण्याची हावही वाढते, हे मी स्वतःवरून सांगतो. म्हणून तो कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. त्यात मी पेट्रोल पंपांची नावं वाढवली आहेत. कुठलं स्वच्छतागृह बरं आहे, ते बायको पेनाने खूण करून ठेवते.

गेल्या खेपेला पहाटे चारला निघालो. पेणच्या अलीकडे, अजून अंधारच होता, मागच्या सीटवर बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. आरशात बघितलं, तर आई घटाघटा पाणी पीत होती.